कोथिंबिरीचा वास

“आज कोथिंबिरीला वास नाही,” दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी गॅलरीतून जाहीर केलं.

खाली टेम्पोपाशी उभा असलेला मळेवाला वर बघतच राहिला. जुडी त्याने पहाटे स्वतःच्या हाताने उपटली होती.

“काकू, मास्क खाली करून घ्या वास.”

“केलाय खाली. मला शिकवू नकोस. वीस वर्षं तुझी भाजी हुंगून घेतेय मी.”

हे खरं होतं. काकू कधी घासाघीस करत नसत, हुंगत. टोमॅटोचा देठ हुंगत, वांगं हुंगत, भोपळासुद्धा हुंगत. आता भोपळ्याला कसला आलाय वास, पण काकूंना यायचा. त्यांनी मान डोलावली की बाकीच्या गॅलऱ्या डोळे मिटून भाजी घेत.

आणि आता गॅलऱ्यांवरच सगळं अडलं होतं. साथ आल्यापासून बाजार बंद होता, हॉटेलं बंद होती. मळ्याला मात्र कुणी बंदचा हुकूम वाचून दाखवला नव्हता. तो आपला पिकतच होता. अर्धा कोबी गुरांपुढे गेला होता. उरली होती ही एक इमारत. फाटकाला कुलूप, म्हणून रोज सकाळी सोळा गॅलऱ्यांतून सोळा दोऱ्या खाली यायच्या, आणि वर गेल्यावर भाजीला साबणाची आंघोळ घातली जायची. त्याच्या घरात कुणाचे एवढे लाड झाले नव्हते.

“फवारणी जास्त झाली असणार,” तिसऱ्या मजल्यावरून वकीलसाहेब म्हणाले. “औषधाने वास मरतो.”

“की हल्ली दुसरीकडचा माल उचलून आणताय, मळेवाले? गोदामातला?” हा चौथा मजला.

खाली येत असलेल्या दोन पिशव्या मध्येच थांबल्या. मळेवाल्याने त्या थांबलेल्या पाहिल्या आणि त्याचं डोकं फिरलं. शिवी दिली असती तर त्याने गिळली असती. दुसऱ्याचा माल म्हणजे जरा जास्तच झालं.

“असं करा,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “तुमच्या जवळजवळ प्रत्येकाच्या घरात आज हीच कोथिंबीर गेलीय. एकाच वाफ्यातली. हुंगा आणि तुम्हीच सांगा. होऊन जाऊ दे.”

मास्क हनुवटीवर उतरले. सगळी इमारत कोथिंबीर हुंगू लागली.

“येतोय की,” वकीलसाहेब म्हणाले. “झकास येतोय.”

“मला तर पिशवी वर ओढतानाच आला होता,” चौथा मजला म्हणाला.

“घर भरलंय नुसतं,” कोपऱ्यातल्या सूनबाई म्हणाल्या.

मळेवाला जिंकला. त्याने कंबरेवर हात ठेवून काकूंकडे पाहिलं. जिंकल्याचं सुख त्याला साधारण दोन श्वास पुरलं.

काकूंनी जुडी पुन्हा नाकाशी धरली होती. देठ मोडून, पानं चुरगाळून त्या वास घेत होत्या, सापडत नसलेली किल्ली परत परत त्याच खिशात शोधावी तसा.

पहिल्या मजल्यावरच्या मास्तरांचा टॉवेल दोरीवर वाळत होता. मास्तरांना गाडी घेऊन गेली त्याला आठ दिवस झाले होते; टॉवेल तेव्हापासून वाळत होता, कारण त्याला हात लावायला कुणी तयार नव्हतं.

वकीलसाहेबांचा मास्क वर चढला. आधी एक खिडकी लागली, मग दारं लागत गेली. आरडाओरडा नाही, भांडण नाही. माणसं अगदी सभ्यपणे आत गेली. अधांतरी थांबलेल्या दोन पिशव्या तशाच लटकत राहिल्या. आत कुणीतरी फोनवर इमारतीचा पत्ता सांगत होतं, मजला आणि दार नंबरासकट.

“काकू,” मळेवाला ओरडला, “शिळी असेल हो ती! कालची जुडी आली असेल चुकून. माझंच चुकलं!”

जन्मात पहिल्यांदा तो आपल्या मालाला नावं ठेवत होता, आणि ऐकायला काकूंशिवाय कुणी उरलं नव्हतं.

“खोटं बोलू नकोस,” काकू म्हणाल्या. “मुळांची माती ओली आहे.” मग जरा थांबून त्यांनी विचारलं, “कांदा आहे का रे?”

“आहे ना.”

“एक पाठव. तिखट बघून.”

बादली खाली आली. त्याने गोणी उपसून लहानसा, लालबुंद कांदा निवडला. बादली वर जाताना दोनदा थांबली. काकूंना दम लागत होता. आतून बत्ता आणून त्यांनी कांदा कठड्यावर फोडला आणि ओंजळ तोंडाशी नेली. बराच वेळ त्या तशाच उभ्या राहिल्या.

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

“आला ना?” मळेवाल्याने खालून विचारलं. “काकू, आला ना वास?”

“झोंबतोय,” काकू म्हणाल्या. “चांगला झोंबतोय.”

त्यांनी पदराने डोळे पुसले. मग बादली पुन्हा खाली सोडली. तिच्यात चुरगाळलेली जुडी होती.

“घेऊन जा. ज्याला येतो त्याला दे.”

मळेवाल्याचा हात पुढे झाला आणि जुडीपासून वीतभर अंतरावर थांबला. वरून काकू बघत होत्या. वास तिथपर्यंत येत होता, मास्कमधूनसुद्धा.