दहा नंबरचा पाना

पिपरी मेघेतल्या घरासमोर उभी असलेली ती दोन दारांची जुनी स्पोर्ट्स कार याही रविवारी चालू होईना. मोरेश्वररावांनी किल्ली फिरवून पाहिली, गाडी हूं की चूं करेना. जयाबाई पाना हातात घेऊन तयारच होत्या.

बायकोला नावानं हाक मारतात का कुठं? जन्मभर 'अवो, आयकलं का' यावरच भागलेलं. पण बॉनेटखाली डोकं घातलं, की गडी सगळं विसरायचा आणि ओरडायचा, "जया, दहाचा पाना दे!"

गेल्या वर्षापासून ते खरंच विसरू लागले. नातवंडांची नावं गेली, मुलाचं गेलं, गल्लीचंही गेलं. बॉनेटखालची ती हाक तेवढी टिकली. म्हणून दर शनिवारी जयाबाई स्वतःच बॅटरीची वायर ढिली करून ठेवायच्या.

आजही मोरेश्वररावांची बोटं नेमकी त्या वायरवर गेली. हाकेची वाट बघून बघून शेवटी जयाबाईंनीच पाना पुढं केला.

मोरेश्वरराव अदबीनं हसले.

"राहू द्या, बाई. पाना मले आमची जयाच देत असते. येतेच ते आता."