खालच्या खोलीतलं मशीन

"घोडबंदरला कंटेनर आडवा पडलाय, मॅडम! मुंगीलासुद्धा वाट नाही. पब्लिक मला खातंय इकडं," वायरलेसवर गोविंदा ड्रायव्हर ओरडत होता.

"खाऊ दे थोडं. तू जागचा हलू नकोस," कलावती म्हणाली.

समोर कंट्रोल रूमच्या भिंतभर पडद्यावर तीन शहरांचा नकाशा पसरला होता. एक बस म्हणजे एक हिरवा ठिपका. उशीर झाला की ठिपका लाल. घोडबंदर रोडवर नऊ ठिपके बघता बघता लाल झाले.

तेवढ्यात तिच्या टेबलावरच्या छोट्या पडद्यावर निळी पट्टी उजळली. मशीनचा सल्ला आला होता.

"मागच्या चार गाड्या पुलाखालून वळवा. पुढच्या पाचांना हात लावू नका. क्रेन येईपर्यंत धीर धरा."

कलावतीनं 'मान्य' दाबलं आणि चार ड्रायव्हरांना वळायला सांगितलं. वीस मिनिटांत क्रेन आली. एकेक ठिपका हिरवा होत गेला, देवळात एकामागून एक समया लागाव्यात तसा.

"कलाताई, माझ्या तर अंगावर काटा येतो," शेजारच्या खुर्चीवरची ऐश्वर्या म्हणाली. तिला कंट्रोल रूममध्ये येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. "पण हेच मशीन परवा तुमची खुर्ची घेणार. राग नाही येत तुम्हाला?"

"येत होता. पहिले आठ दिवस."

तीन महिन्यांपूर्वी एका कंपनीनं हे मशीन बसवलं. त्यानं सल्ला द्यायचा, कलावतीनं मान्य किंवा अमान्य म्हणायचं आणि कारण लिहायचं. दसरा झाला की सगळा कारभार मशीनकडे. सव्वीस वर्षं या खुर्चीत बसलेली कलावती मग बसमध्ये विसरलेल्या छत्र्या आणि डबे सांभाळणार होती. तसा हुकूमच निघाला होता.

पण राग धरावा कसा? परवा संध्याकाळी मशीननं मानपाड्याच्या दोन गाड्या कमी करायला सांगितलं. कलावतीनं लिहिलं, "अमान्य. कारखान्यांची पाळी सुटलीय, बायामाणसं रस्त्यावर उभी आहेत." लगेच उत्तर आलं, "बरोबर. चूक माझी. मागे घेतो." सव्वीस वर्षांत एका साहेबानं असं म्हटलं नव्हतं.

आज खंडेनवमी. रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांत बसगाड्या झेंडूचे हार घालून नवरीसारख्या चालल्या होत्या. निळी पट्टी पुन्हा उजळली.

"आंबिवलीची गाडी तीन मिनिटं थांबवा. सणाचा दिवस आहे, फुलवाल्या पाट्या घेऊन धावत येतात."

कलावती बघतच राहिली. लोखंडाला हे कोणी सांगितलं? तिनं गाडी थांबवली. तिसऱ्या मिनिटाला कॅमेऱ्यात पाच बाया डोक्यावर पाट्या घेऊन धावत आल्या. तिनं पडद्याला नकळत हात जोडले.

कंपनीचा साकेत तेव्हाच आत आला. मशीनची देखरेख त्याच्याकडे होती.

"साकेत, एवढं करशील? उद्या ऑफिस बंद. आज मला मशीनला हळदकुंकू वाहू दे."

"काय मॅडम! सर्किट जळेल ना. मायनस टेंपरेचरला ठेवलंय ते."

"चिमूटभर कुंकवानं काय जळतंय रे? माझ्या माहेरी कोयत्यालासुद्धा आज हळदकुंकू लागतं. यानं तर तीन महिने लाखो माणसं घरी पोचवलीत."

"खालची मशीनची खोली सील आहे, मॅडम. मागच्या गल्लीत तर फिरकूच नका. मला बोलणी बसतील." एवढं बोलून तो घाईनं निघून गेला.

"ऐकलंत ना?" ऐश्वर्या हसली. "देवाचे बडवे बरे."

"देव माझा आणि बडव्याचा, दोघांचाही असतो," कलावती म्हणाली.

दुपारी जेवणाची सुट्टी झाली. कलावतीचा नवरात्राचा उपास होता, तेव्हा डब्याचा प्रश्न नव्हता. तिनं पर्समधून कुंकवाची डबी काढली, खुर्ची ऐश्वर्याकडे सोपवली आणि जिना उतरली.

मागच्या गल्लीत कचऱ्याचे डबे होते, त्यांच्या पलीकडे एक राखाडी दार. तिनं बाहेरच चपला काढल्या. आपली जागा घेणाऱ्याला नमस्कार करायला आलो आहोत, हे तिला माहीत होतं, तरी मनात किल्मिष नव्हतं. आपल्याहून मोठं काहीतरी या भिंतीआड बसलंय, झोपत नाही, चिडत नाही, फुलवाल्यांनाही विसरत नाही. त्याच्या हाती ही शहरं देऊन जायला तिची हरकत नव्हती.

निदान दाराला तरी बोट लावावं म्हणून तिनं हात उचलला. तेवढ्यात दार आतून उघडलं.

आत एक टेबलफॅन घरघरत होता. भिंतीवर तोच नकाशा होता, तेच ठिपके. दारात साठीचा एक माणूस उभा होता. चष्मा कपाळावर सरकवलेला, पाय अनवाणी, हातात झेंडूचा ताजा हार.

"कोण हवंय, बाई?" त्यानं हळू आवाजात विचारलं. "जरा बाजूला होता का? साकेतसाहेब यायच्या आत वर जाऊन यायचंय. माझ्या सल्ल्यांना तीन महिने मान्य-अमान्य सांगणारं मशीन आहे ना वर, त्याला हा हार घालायचाय."