काचेला भोक

"काच फुटली तं?" गोपिकाबाईंनी विचारलं.

"फुटली तं फुटली," वामनराव म्हणाले. "मंग मासा देऊन टाकू कोणाले. तू म्हणते तसंच."

माशाची रिकामी टाकी मागच्या अंगणात जुन्या सतरंजीवर आडवी पडली होती, मागची काच वर करून. ड्रिल सरकू नये म्हणून तिच्या तळाकडच्या कडेशी वामनरावांनी गोल भोकाचा प्लायवूडचा तुकडा टेपनं चिकटवला होता. तो त्यांनी स्वतः, डाव्या हातानं कापला होता. प्लायवूडला एक हात पुरला. काचेला दोन लागतात.

मागच्या रविवारी ओल्या फरशीवर बादलीसकट पाय घसरला, तेव्हाच गोपिकाबाईंनी सांगून टाकलं होतं की आता बस. टाकीतलं पाणी बदलायचं काम वामनरावांच्या लकव्यानंतर त्यांच्याच गळ्यात पडलं होतं. आधी ते नळीचं टोक तोंडात धरून पाणी ओढायचे आणि नळी मोरीत सोडून द्यायचे. आता त्यांचे ओठ उजवीकडून मिटत नव्हते. गोपिकाबाईंनी एकदा ओढून पाहिलं, तर घोटभर घाण पाणी पोटात गेलं आणि दिवसभर अन्न नकोसं झालं. म्हणून मग मगानं उपसायचं आणि बादल्या अंगणात नेऊन ओतायच्या. एवढं करून तो थोराड ऑस्कर मासा दाणे खायला यायचा तो वामनरावांच्याच बोटापाशी.

 वामनराव मग आठवडाभर मोबाइलमध्ये डोकं घालून बसले. काल काच कापायचा डायमंडचा गोल बिट, टाकीला नळी जोडायचं निपल आणि पाणी सोडायचा एक कॉक घरी आला. काचेची गॅरंटी आपण घेत नाही म्हणून प्लंबरनं हात वर केले. शेजारच्या ऋषिकेशनं बॅटरीवरची ड्रिल मात्र दिली.

"कणीक आण थोडीशी," वामनराव म्हणाले.

त्यांनी प्लायवूडभोवती कणकेचा बांध घातला आणि काच तापू नये म्हणून आत लोट्यानं पाणी ओतलं. पाणी तिथंच थांबलं.

"हळू चालू दे. अन् दाबू नको. ड्रिलचं वजन आहे, तेवढंच. जरासा जोर झाला का काच गेली."

"दाबली का गेली?"

"गेली."

हे सांगताना ते बायकोच्या तोंडाकडे पाहत होते.

गोपिकाबाईंनी दोन्ही हातांनी ड्रिल धरली. बिट काचेला टेकला आणि दात शिवशिवतील असा आवाज निघाला. पाणी दुधासारखं पांढरं झालं. वामनराव डाव्या हातानं नवं पाणी सोडत राहिले. तिकडं न्हाणीत टबवर परात झाकली होती, तिच्यावर आतून मासा धडका देत होता.

किती जोर लागला असता? भाकर थापताना लागतो तेवढाही नाही. कोणी काही बोललं नसतं. जन्मात पहिल्यांदा ड्रिल हातात धरलेली. काच गेली असती, मासा दुकानवाल्याकडं गेला असता आणि रविवार मोकळा झाला असता.

त्यांचा तळहात जड झाला. ड्रिलचा आवाज दाटला, घोगरा झाला.

वामनरावांचा सारा जन्म हिंगण्याच्या कारखान्यात, मशीनवर गेलेला. आवाज बदलला की त्यांची मान आपोआप वळायची. ती आताही वळली. पण ते बोलले नाहीत. नजर परत लोट्यावर आणून पाणी सोडत राहिले. थोडं काचेवर, थोडं गोपिकाबाईंच्या बोटांवर.

ओरडले असते तर बरं झालं असतं, असं गोपिकाबाईंना वाटलं. त्यांनी हात जरा उचलला. आवाज पुन्हा बारीक झाला.

मग काचेची गोल चकती आत पडली. टिंग.

वामनरावांनी भोकाच्या कडेवरून अंगठा फिरवला. कुठंच तडा नव्हता.

"मले वाटलं, तू दाबशील."

"दाबलीच होती थोडी."

"आवाज आला मले."

"मंग बोलले काहून नाही?"

"बादल्या तू उचलून राहिली. तुले कोणत्या तोंडानं बोलू?"

 काचेचा पांढरा गाळ लागलेली कणीक गोपिकाबाईंनी कागदात गुंडाळली, एखाद्या जनावरानं खाऊ नये म्हणून. मग निपल बसवलं, रबर लावलं, वामनराव सांगतील तसा नट हातानंच आवळला. ऋषिकेश आणि त्याच्या भावानं टाकी उचलून परत स्टँडवर ठेवली. कूलर भरायच्या पाइपानं पाणी भरलं. भोकातून एक थेंब आला. गोपिकाबाईंनी नट अजून जरासा फिरवला. मग आला नाही. मासा आत सोडला, तो दगडामागं जाऊन रुसल्यासारखा बसला.

वामनरावांनी खुर्ची टाकीजवळ ओढली आणि डाव्या हातानं कॉक फिरवला. पाणी नळीतून खिडकीबाहेर, अंगणातल्या नालीत पडायला लागलं. त्यांनी कॉक बंद केला. पाणी थांबलं. पुन्हा उघडला. पुन्हा बंद केला. पुन्हा उघडला.

"बस करा ना आता," गोपिकाबाई म्हणाल्या. "आताच तं भरली. किती पाणी काढता?"

"काढू दे. भरीन ना मी."

टाकी अर्ध्यावर आली तेव्हा त्यांनी कॉक बंद केला. भिंतीचा आधार घेत ते उठले, पाइपाचं टोक काखेत धरलं आणि उजवा पाय ओढत नळाकडं निघाले. गोपिकाबाई त्यांच्यामागं जायला उठल्या. मग खाली बसल्या, आणि पाय लांब केले.