डावं-उजवं

“डावीकडं, डॅड! डावीकडं!” लोरना ओरडली, आणि ट्रेलर उजवीकडे वळून स्प्रूसच्या झाडाला जाऊन टेकला. मागच्या दिव्याची काच खळकन फुटली.

शुक्रवारची दुपार होती. सुट्टीच्या तळावरची मंडळी घडीच्या खुर्च्या टाकून, कॉफीचे मग घेऊन बसली होती. आठवड्याच्या या दिवशी इथे हीच फुकटची करमणूक असते. कोण गाडीमागचा राहायचा ट्रेलर कसा मागे घेतो आणि कुठल्या नवरा-बायकोचं त्यावरून वाजतं, ते सगळे चवीने बघतात. ओरेस्ट बाबियुक मात्र कित्येक वर्षांत कुणाच्या तावडीत सापडला नव्हता. तळ्याकाठच्या याच जागेत तो दर उन्हाळ्यात एका दमात ट्रेलर सरकवायचा. त्याची बायको व्हर्ना मागे उभी राहून हात हलवायची आणि पलीकडच्या काठापर्यंत ऐकू जाईल असं ओरडायची. ट्रेलर थांबला की कमरेवर हात ठेवून म्हणायची, “घरी पोचलो.”

लोरनाचं बालपण त्या शब्दांनंतर सुरू व्हायचं. दोरीवरचे ओले टॉवेल, काडीवर करपलेले मार्शमेलो, कांद्यात परतलेल्या पिरोग्यांचा, म्हणजे बटाटा भरलेल्या करंज्यांचा, वास. पाऊस लागला की इवल्याशा टेबलाभोवती गुडघ्याला गुडघा लावून सगळी पत्ते खेळत बसायची आणि डॅड बेधडक लबाडी करायचा. पुढे तिने मोठं घर घेतलं, पण एवढं सुख त्या घरात कधी मावलं नाही.

यंदा व्हर्नाला दिसत नव्हतं. नजरेच्या मधोमध धूसर डाग आला होता. माणसं ती आवाजावरूनच ओळखायची. म्हणून ती बाजूला खुर्चीत बसली होती आणि तिच्या जागी लोरना उभी होती. ओरेस्टने तर घरून निघतानाच बजावलं होतं, “ज्या दिवशी ट्रेलर मला लावता येणार नाही, त्या दिवशी तो विकायचा. दुसऱ्यानं लावून दिलेल्या ट्रेलरमध्ये मी झोपायचा नाही.” म्हाताऱ्याचा हट्ट सगळ्या घराला ठाऊक होता. तो बोलला म्हणजे विकणारच.

दुसऱ्या खेपेला ट्रेलरने लाकडी टेबल आडवं केलं.

“ओरेस्ट, झाडं जरा सरकवून देऊ का?” शेजारचा गॉर्डन खुर्चीतून म्हणाला. लोक हसले. मग त्यालाच दया आली असावी. उठून तो म्हणाला, “किल्ली दे. मी लावतो.”

ओरेस्टने इंजिन बंद केलं. लोरना धावत खिडकीशी गेली. त्याचे कान लाल झाले होते.

“संपलं,” तो म्हणाला. “विकून टाकू.”

“डॅड, मी डावीकडं म्हणतेय आणि तू उजवीकडं जातोयस!”

“मग? तुझी आई सांगायची तेव्हा तसंच जायचो की!” त्याने खुर्चीकडे चोरून पाहिलं आणि आवाज खाली आणला. “तिला डावं-उजवं कळत नाही गं. पहिल्या खेपेला चूक माझी होती. ट्रेलर मागं घेताना गाडीचं स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं, हे मला कुठं ठाऊक होतं? थेट संडासाच्या भिंतीवर आदळलो. ते शिकलो, तर पुढच्या खेपेपासून बाईसाहेबच उलटं सांगायला लागल्या. हात डावीकडं, तोंडानं उजवीकडं! घाबरली असेल बिचारी. म्हटलं, कशाला बोलून दाखवायचं? ती सांगेल त्याच्या उलट जायचो. आता हातांना तेच वळण पडलंय. तिला बोलू नकोस हं.”

लोरना परत मागे निघाली. वाटेत व्हर्नाने पावलं ओळखून तिची बाही धरली.

“नीट सांगतेयस ना त्याला? तिथंच चुकतंय तुझं.”

“म्हणजे?”

“तुझ्या बापाला डावं-उजवं कळत नाही,” व्हर्ना कुजबुजली. “पहिल्याच खेपेला मी डावीकडं म्हटलं, तर हा उजवीकडं जाऊन संडासावर! तेव्हापासून मी उलटंच सांगते. एकदा तरी चुकला का? पण त्याला कळता कामा नये. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

लोरनाला हसू आलं. तिने आईकडे पाहिलं, गाडीच्या आरशात दिसणाऱ्या डॅडच्या पडलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांचा संसार आणि दोघांची एकमेकांवर केवढी ही दया! काय सांगणार आणि कुणाला सांगणार? गॉर्डन किल्लीसाठी हात पुढे करून खिडकीपर्यंत पोचला होता.

“थांबा, गॉर्डन,” ती म्हणाली. “डॅड, गाडी चालू कर.”

ती झाडाजवळ आईच्या जागी जाऊन उभी राहिली. डावा हात लांब केला आणि पलीकडच्या काठापर्यंत ऐकू जाईल अशी ओरडली, “उजवीकडं, डॅड! उजवीकडं!”

ट्रेलर अलगद डावीकडे वळला. खडी करकरली, झाड मागे राहिलं, टेबल मागे राहिलं, आणि दोन्ही चाकं आपल्या जुन्या खाचेत जाऊन बसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात गॉर्डनने वाजवल्या.

व्हर्नाला यातलं काहीच दिसलं नाही. खडीचा आवाज थांबला तेवढा तिने ऐकला. खुर्चीला धरून ती उठली आणि तिने कमरेवर हात ठेवले.

“घरी पोचलो,” ती म्हणाली.