गळ्याची शपथ

"राजकन्या विष घेणार हे सखीला ठाऊक होतं, पण शब्द दिला म्हणून ती गप्प बसली. सांगा, चुकलं कुणाचं?" नाटकाचं शेवटचं पान मिटत दळवीबाईंनी नववीच्या वर्गाला विचारलं.

"सखीचं!" सगळा वर्ग ओरडला. "तिनं सांगितलं असतं, तर जीव वाचला असता."

बाईंना हेच उत्तर हवं होतं. दिवाळीच्या सुट्टीत याच वर्गातल्या मधुरानं जीव दिला, तेव्हाच ही जुनी शोकांतिका मुलांना शिकवायचीच, असं त्यांनी ठरवलं होतं.

तास संपला. मुलं पांगली. मधुराच्या शेजारी बसणारी शलाका मात्र बाकावरून उठेना. बाई जवळ गेल्या, तशी तिनं त्यांचा पदर घट्ट धरला.

"बाई, मधुरानं मला सगळं सांगितलं होतं. कुणाला बोलू नकोस म्हणून स्वतःच्या गळ्याची शपथ घातली होती. 'सुटली म्हण, सुटली म्हण' करत मी रोज तिच्या मागे लागायचे. ती म्हणालीच नाही."

"अगं, मग मोडायची ना शपथ!" बाईंच्या तोंडून निघून गेलं.

शलाकानं पदर सोडला.

"मोडली असती, तर ती मेली असती ना, बाई."