शेठला जेवू घातलं

आमच्या नितीनला देणगीदाराचं काहीच लागत नाही. तोंडावर थुंकला तरी हा हसेल. युनिव्हर्सिटीच्या सायन्स विभागासाठी देणग्या आणायची नोकरी आहे ना त्याची.

काल डहाणूचा फुग्यांचा कारखानदार मुकेशशेठ आमच्याकडे जेवायला आला. नव्या लॅबवर आपल्या नावाची पाटी लहान लागणार हे कळलं, तशी त्याने माझ्या अंगणात, माझ्यादेखत नितीनच्या मुस्काटात मारली. ओठ फाटला. रक्त पुसत हा मला म्हणतो, "आई, शेठना वाढ."

वाढलं. गावठी कोंबडा, तांदळाची भाकर, वर आग्रहसुद्धा केला. पानावर बसलेल्या माणसाला हात लावायचा नाही, ही आमच्या घरची रीत.

ढेकर देऊन शेठ ओट्याच्या कडेला हात धुवायला बसला. मी त्याच्या उजव्या हातावर आधी तांब्याभर पाणी घातलं, मग मुसळ घातलं. मनगट मोडल्याचा आवाज शेजारच्या घरापर्यंत गेला.

नितीन धावत मध्ये आला. "आई, लॅब गेली माझी."



"लॅबला दुसरा शेठ मिळेल, मला दुसरा नितीन नाय मिळायचा. सर बाजूला, याचा डावा हात अजून धड आहे."