पदरातली सुकडी

अनसूयाताईंची बहात्तरच्या दुष्काळावरची, दिवाळी अंकात आलेली जुनी गोष्ट आता पुस्तकात यायची होती, पण ती शेवटापाशी अडून बसली होती. गोष्टीतली बाई वाशी गावच्या रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडते, दुपारी मजुरांना वाटलेली सरकारी पिठाची सुकडी तिथंच बसून सगळी खाते आणि संध्याकाळी रिकाम्या हातानं उपाशी लेकरांकडे जाते. प्रकाशकानं कळवलं होतं, "आई अशी वागत नसते." आपण तेव्हा असं का लिहिलं, हे ताईंनाही सांगता येईना. सात वेळा शेवट बदलला आणि सातही वेळा चिडून कागद फाडला. आठव्यांदा बाईनं सुकडी पदरात बांधून घरी नेली.

डेअरीत दूध घालून परतणारी सरुबाई नेहमीसारखी ओट्यावर टेकली. त्या खडीच्या कामावर ती स्वतः होती, म्हणून ताईंनी तिलाच नवा शेवट वाचून दाखवला.

"दिवाळी अंकातली वाचली व्हती तुमी, तवा तिनं तिथंच खाल्ली व्हती की."

"ते चुकलं होतं माझं. आता दुरुस्त केलंय."

सरुबाई रिकामी किटली घेऊन उठली.

"अहो, निघालात कुठं? चहा टाकलाय."

"ती पयली बाई माझ्यावानी व्हती, ताई. तिथंच खानारी. ह्या नव्या बाईजवळ मला बसवत न्हाय."